जहाजावरचा रविवार

माझा धंदा तारखांचा आहे. ज्योतिषी नव्हे, प्रोग्रामर. पुण्याच्या एका कंपनीचं मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर आम्ही दहा-बारा जण मिळून लिहितो, आणि त्यात जिथे जिथे तारीख किंवा वेळ चुकते तिथे तिथे ती भानगड माझ्या गळ्यात पडते. मी कुणकेश्वरच्या अलीकडच्या एका वाडीत, आमच्या घराच्या पडवीत बसून काम करते. रेंज गेली की लॅपटॉप उचलून मागच्या काजूच्या बागेत चढते.

तारीख दिसायला गरीब गाय असते. दिवस, महिना, वर्ष, झालं. पण प्रोग्रामिंगच्या भाषेत ती हातात घेतली की शिंगं दिसतात. मी ज्या भाषेत काम करते तिथे महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा. का, तर कोणे एके काळी कोणाला तसं सुचलं म्हणून. आपण इथे रात्री बाराची वेळ टाकावी, तर ती जागतिक वेळेत आदल्या दिवशीची संध्याकाळ होऊन साठवली जाते आणि कोणाचा तरी वाढदिवस एक दिवस आधीच साजरा होतो. त्यात आपल्या देशाने साडेपाच तासांचा फरक घेतलाय. पाच नाही, सहा नाही, साडेपाच. त्या अर्ध्या तासापायी मी परदेशातल्या किती माणसांशी ईमेलवरून भांडले असेन, देव जाणे.

बाबांना हे काही केल्या पटायचं नाही. "तारीख थंय भिंतीर आसा मा? बघायची नि लिहायची. तेचो पगार देतत तुका?" असं ते पाहुण्यांसमोर विचारायचे. मग मी चिडायचे आणि मग ते हसायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे चिडायला आणि हसायला दुसरं कोणी नव्हतं.

धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर फिटर. इंजिनरूममध्ये काम करतो. आमच्याकडे हे काही नवलाचं नाही, वाडीतल्या बऱ्याच घरांतला एकेक जण दर्यावर असतो. नवल होतं ते बाबांचं. मी मीटिंगमध्ये असले, समोर स्क्रीनवर सहा चेहरे असले, तरी दारातून प्रश्न यायचा.

"गो, थंय आता किती वाजले?"

मी बोटांनी खूण करायची.

"मगे निजलो आसतलो?"

दिवसातून आठ-दहा वेळा हेच. शेवटी एका दुपारी वैतागून मी त्यांच्यासाठी घड्याळ लिहिलं. माझा जुना, कोपऱ्यात तडकलेला मोबाइल भिंतीवर दिनदर्शिकेच्या शेजारी टांगला आणि त्यावर एकच गोष्ट दिसेल असं केलं. जहाजावरचा वार आणि जहाजावरची वेळ, मोठ्या देवनागरी अक्षरांत. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं. दोन दिवस गेले.

कारण जगातल्या सगळ्या वेळांची जी यादी आम्ही प्रोग्रामर वापरतो, ती गावांच्या नावांवर चालते. कोलकाता म्हणा, टोकियो म्हणा, ती बिनचूक वेळ देते. कुठल्या देशाने कधी घड्याळ पुढे केलं, कधी मागे घेतलं, सगळं तिला पाठ. पण जहाज म्हणजे गाव नाही. भर समुद्रात जहाजाची वेळ कप्तान ठरवतो. त्याला वाटलं की आज रात्री घड्याळ एक तास मागे, की झालं मागे. हे कुठल्याही यादीत सापडत नाही. म्हणून मग असं ठरलं की भावाने मेसेज करायचा, "आज रातीक एक तास मागे," आणि मी तो तास हाताने घड्याळात टाकायचा. एवढं शिकून सवरून मी शेवटी घड्याळाला चावी देणारी बाई झाले.

घड्याळ लागलं तसे बाबा जहाजावर राहायला गेले. आमचं दुपारचं जेवण चालू असलं आणि भिंतीवर रात्र दिसली की ते मला दटावायचे, "हळू बोल गो, तो निजलो आसा." पातेल्यावर पळी आपटलेली त्यांना चालायची नाही. शेजारची काकी यायची ती अंगणातूनच हाका मारत, तिलाही ते तोंडावर बोट ठेवून गप्प करायचे. काकी म्हणायची, "ह्या घरात इला की माका आपला बोटीत चढल्यासारख्या वाटता." तिथे पहाट झाली की मात्र बाबा खुशीत यायचे. तो आता चहा घेईल, आता कामाचा बॉयलर सूट घालेल, आता खाली उतरेल, असं सगळं ते मला सांगायचे. खरं तर त्यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. एकदा भावाने फोनवर जे सांगितलं होतं तेवढ्यावरच त्यांचं चाललं होतं.

फोन रविवारी यायचा. आमच्या नव्हे, जहाजावरच्या रविवारी. तिथे रविवारी अर्धी सुट्टी आणि जेवायला बिर्याणी. जेवून झालं की तो निवांत बोलायचा. जहाज तेव्हा अमेरिकेकडच्या बाजूला होतं, त्यामुळे त्याची रविवारची दुपार म्हणजे आमची सोमवारची पहाट. बाबांनीच तसं ठरवून दिलं होतं. "तुझ्या आयतवाराक कर. काम करून दमान भागान माका फोन नको." जहाजावरच्यांना सॅटेलाइटच्या नेटचं कार्ड मिळायचं, त्यात मोजकंच बोलणं व्हायचं. घड्याळाचा मेसेज टाकण्यापुरतं सोडलं तर तो आठवडाभर नेट बंद ठेवायचा आणि सगळं कार्ड बाबांवर खर्च करायचा. आम्ही इथून फोन लावला तर लागायचा नाही. तो बोलला तर बोलणं.

त्या वर्षी बाबांचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, चार पावलं चाललं की धाप. कुडाळच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि मुलगा कुठे असतो ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मग निदान त्यांचं बोलणं तरी होऊ दे." मला ते वाक्य अजिबात आवडलं नाही. रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "तेका सांगा नको." मी म्हटलं, सांगायला हवं. तर म्हणाले, "तो मधी दर्यात. सांगान काय करतलो? उडी मारतलो? जीव जायत तेचो थंय." भाऊ पुढच्या बंदरात उतरायलाही अजून बरेच दिवस होते. मी त्याला एवढंच लिहिलं, बाबा थकलेत, रविवारी जास्त वेळ बोल.

तेव्हापासून बाबांना एकच ध्यास. रविवार. त्यांना त्याला काही खास सांगायचंही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "काय सांगूचा? आवाज आयकूचो." मग सोमवार ते शनिवार ते भिंतीवरच्या मोबाइलवर वार बदलताना बघत राहिले. औषधं वेळेवर घेतली. पेज न कुरकुरता प्यायले. मला कळत होतं की ते स्वतःला रविवारपर्यंत ओढत नेतायत.

आता इथे मला ती तारीखरेषेची गोष्ट सांगावी लागणार. अमेरिकेकडून जपानकडे जाणारं जहाज पॅसिफिकच्या मध्ये एक रेषा ओलांडतं, आणि ओलांडताना एक अख्खा दिवस गाळतं. रात्री झोपताना सोमवार असेल तर सकाळी उठल्यावर बुधवार. मंगळवार कोणालाच मिळत नाही. मला हे माहीत होतं, माझं पोटच त्यावर चालतं. भावालाही माहीत होतं. पण कप्तान लोक बहुतेक कामाचा वार गाळतात, पोरांची सुट्टी मारत नाहीत, असं त्याने सांगितलं होतं. मागच्या खेपेला बुधवार गाळला होता. त्यामुळे या खेपेलाही कुठला तरी बुधवार-गुरुवार जाईल म्हणून मी निर्धास्त होते.

आमच्या रविवारी, जेवायच्या आधी, त्याचा मेसेज आला. जहाजावर तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती.

"ताय, कप्तानान आयतवार गाळल्यान. आज शनिवार, उठल्यार सोमवार. सुट्टी नाय, बिर्याणी नाय. सोमवारी सांजचो सुटलंय काय फोन करतंय. बाबाक सांग."

मी तिथल्या तिथे लिहिलं, "आत्ता कर. आत्ताच्या आत्ता फोन कर." एक टिक आली. दुसरी येईना. मी पडवीत उभी राहिले, अंगणात गेले, मग काजूच्या बागेत वरपर्यंत चढले. रेंज माझ्याकडे भरपूर होती. नेट त्याने बंद केलं होतं, बाबांसाठी कार्ड वाचवायला. मला डोळ्यांसमोर दिसत होतं की तो या क्षणी जागा आहे, कामावरून सुटलाय, जेवून पत्ते खेळत बसलाय. जगातल्या कुठल्याही गावची वेळ मी कुठल्याही गावच्या वेळेत बदलून देते, आणि मला माझ्या भावाला एवढंही कळवता येत नव्हतं की तिकडचा फोन उचल आणि बोल. मी आणखी चार मेसेज केले. सगळ्यांना एकेक टिक. बागेत एकटीच होते म्हणून मोठ्याने शिव्या दिल्या. कप्तानाला दिल्या, रेषेला दिल्या, कोणी आखली त्याला दिल्या.

खाली आले तर बाबा दाढी करून बसलेले. त्यांचा हात थरथरायचा म्हणून दाढी मीच करायचे, पण त्या दिवशी त्यांनी माझी वाट बघितली नव्हती. हनुवटीवर कापलं होतं.

आता घड्याळाचं काय करायचं? तो दिवस गाळायचा म्हणजे मला फार काही करावं लागणार नव्हतं. जहाजाची वेळ जागतिक वेळेपेक्षा बारा तास मागे होती, ती बारा तास पुढे करायची. आकडा तोच, आधीचं उणे चिन्ह खोडायचं, बस्स. एक कळ दाबली की माणसांनी भरलेल्या जहाजाचा रविवार गायब. प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही. सकाळपासून साध्या साध्या गोष्टींवर अडून बसणारी ती भाषा, तिने हे मात्र मुकाट घेतलं. मला त्या लॅपटॉपचा राग आला, म्हणजे खरोखरचा, माणसाचा येतो तसा.

मनात आलं, चिन्ह तसंच राहू दे. बाबांना रविवार दिसू दे. पण नुसता वार दिसून काय उपयोग, फोन थोडाच वाजणार होता? मग पहाटेपासून ते वाट बघतील आणि मी काय सांगेन? मी चिन्ह खोडलं, जहाजावर मध्यरात्र झाली की लागू होईल असं. सांगायचं मात्र धैर्य झालं नाही. जेवताना सांगू म्हटलं, मग चहाला सांगू म्हटलं.

संध्याकाळी मी तुळशीपुढे दिवा ठेवून आत आले, तेव्हा ते भिंतीकडे बघत होते. जहाजावर मध्यरात्र झाली होती आणि शनिवारचा सोमवार झाला होता.

"गो, आयतवार खंय गेलो?"

मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. पृथ्वी, सूर्य, रेषा, कप्तान. नारळ हातात घेऊन फिरवून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी खवचट बोलतील, तारखांचा पगार घेतेस नि एक वार सांभाळता येत नाही, असं काहीतरी. ते म्हणाले, "म्हणजे तेका सुट्टी नाय गावली. उपाशी ऱ्हवलो बिर्याणीक." आणि थोड्या वेळाने, "सोमवारी करतलो म्हटल्यान मा?"

"होय. पाचाक सुटलो काय करतलो. आपले साडेधा होतले."

"मगे काय, थोडोच वेळ."

रात्री त्यांना झोप लागली, मला नाही. सकाळी त्यांना श्वास घेताना त्रास होत होता. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, घेऊन या. बाबा उठायला तयार होईनात. गाडीत रेंज जाते, वाटेत फोन आला तर? मी रागावले, विनवलं, काकीला बोलावलं. काकीनेही सांगून बघितलं. ते एकच म्हणत राहिले, "तेचो फोन होवंदे, मगे व्हरा खंय व्हरायचा ता." त्या देहाला उचलून गाडीत घालणं आम्हा दोघींना अशक्य नव्हतं. पण ते खांबाला धरून बसले होते आणि त्यांचा हात सोडवायला माझा हात पुढे गेला नाही. डॉक्टर म्हणाले, मीच येतो. कुडाळ काही जवळ नाही.

त्यांना भिंतीसमोर आरामखुर्चीत टेकवून बसवलं. मोबाइलवर सोमवार, दुपारचे तीन. म्हणाले, "आता खाली मशिनीकडे आसतलो." साडेतीनला म्हणाले, "गरम होता म्हणता थंय खूप." मग बोलणं थांबलं. डोळे उघडे होते आणि दर थोड्या वेळाने भिंतीकडे जात होते. मी त्यांचे तळपाय चोळत होते. काकी पाण्याचा चमचा घेऊन उभी. घड्याळ मीच लिहिलेलं, त्यातला एकेक मिनिट मला ठाऊक, आणि ते पुढे ढकलायची काही सोय माझ्या हातात नव्हती. पुढे ढकलून तरी काय, भाऊ काही लवकर सुटणार नव्हता. जहाजावर साडेचार होत आले तेव्हा त्यांनी एक मोठा श्वास घेतला, आणि पुढच्या श्वासाची वाट बघत आम्ही दोघी तशाच राहिलो.

काकीनेच त्यांचे डोळे मिटले. बातमी वाडीभर झाली, माणसं अंगणात जमू लागली. कोणी बांबू बघायला गेलं, कोणी भटजींना सांगायला. बाबांना खाली चटईवर घेतलं. मी त्यांच्या उशाशी बसले होते आणि माझं लक्ष फक्त माझ्या हातातल्या फोनकडे होतं. तो वाजू नये असं मला वाटत होतं. असं वाटल्याची लाज नाही वाटत, खरंच तसं वाटत होतं.

तो वाजला. अगदी सांगितल्या वेळी.

"ताय, बाबाक दी! सुटलंय आत्ताच, हात पण धुवूक नाय. आमचो आयतवारच खाल्ल्यानी गो."

मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही.

"कधी?" त्याने विचारलं.

"आत्ताच. तुझे साडेचार." त्याच्याच घड्याळाने सांगितलं मी. महिनोन्महिने त्याच घड्याळाची सवय होती.

मग तो म्हणाला, "ताय, फोन बाबांच्या कानाक लाव."

मी काकीकडे बघितलं. अंगणातली माणसंही आत बघत होती. काकी म्हणाली, "लाव गो. बोलांदे तेका."

मी फोन बाबांच्या कानाला लावला. कान अजून कोमट होता. ऐकायचं नाही असं ठरवून मी तोंड फिरवलं, तरी घर इतकं शांत होतं की ऐकू येत होतं. तो रडत नव्हता. तो दर रविवारी सांगायचा तेच सांगत होता. काय जेवला, समुद्र कसा आहे, कोणता पंप बिघडला नि कसा दुरुस्त केला. नवीन कप्तान कडक आहे. बंदरात उतरल्यावर तुमच्यासाठी जाड लोकरीचे मोजे घेणार आहे, पायांना बरे. मध्येच तो थांबायचा, एरवी बाबा हुंकार देत तिथे, आणि पुढे बोलायचा. मग म्हणाला, "बाबा, माका तुमका एक सांगूचा आसा, मी—" आणि फोन बंद पडला. कार्ड संपलं होतं.

मी फोन तसाच त्यांच्या कानाला धरून राहिले. बाहेर भटजी आले होते. काकीने खाली वाकून हळूच विचारलं, "बोलून झाला काय गो तेचा?"

मी होय म्हटलं.